पुढे विचारा

चौकशीबाईच्या नाकावर कायम राग असतो, हे त्या रुग्णालयात झाडूवालीपासून शस्त्रक्रिया विभागाच्या प्रमुखापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. तरी काही अडलं की लोक तिच्याच दारात यायचे. कोण कुठे बसतं, कोणाचा फोन कोणता, कोणाच्या कार्डाने कोणतं दार उघडतं, हे सगळं ज्या सर्व्हरवर असतं तो सर्व्हर तिच्या ताब्यात होता. सगळे त्याला नुसतं डिरेक्टरी म्हणत. टेलिफोन बोर्ड, दारांवरची कार्डयंत्रं, टपाल, सगळी त्यालाच नाव विचारत आणि तो सांगेल तिकडे जात. तिचं खरं नाव मात्र फारसं कोणी घेत नसे, आणि त्याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं.

तिची खोली बिनखिडकीची. एक टेबल, एक खुर्ची, पाहुण्यासाठी मुद्दाम ठेवलेलं अवघडल्यासारखं स्टूल आणि काचेपलीकडे घोंघावणारी यंत्रं. हे राज्य तिला तिच्या आधीच्या सरांनी दिलं होतं, आणि राज्याबरोबर एक पद्धतही दिली होती. इथलं कोणतंही नाव पुसायचं नाही. माणूस नोकरी सोडून गेला, निवृत्त झाला, वारला, तरी त्याचं नाव जागेवर राहू द्यायचं. फक्त आतलं सगळं रिकामं करून एकच ओळ लिहायची, की हे नाव म्हणजे आता अमुक नाव. मग जुन्या डॉक्टरांना कोणी फोन केला तरी तो त्यांच्या खुर्चीवरच्या नव्या डॉक्टरांना लागतो. अशा रिकाम्या नावाला सर ‘बोट’ म्हणायचे. स्वतःचं काही नाही, नुसतं दुसऱ्याकडे दाखवायचं.

“इथे लोक जीव जाताना हाक मारतात,” सर म्हणायचे. “हाक वाया जाता कामा नये.”

एखादं नाव आपल्याकडे नसलंच, तर सर्व्हर नाही म्हणत नसे. “पुढे विचारा,” असं सांगून दुसऱ्या सर्व्हरचा पत्ता द्यायचा, आणि विचारणारं यंत्र निमूटपणे तिकडे जायचं. माणसाला यातलं काही कळतही नसे. सर वारले तेव्हा त्यांच्या नावाचं बोट तिने स्वतःच्या हाताने केलं होतं, स्वतःच्याच नावाकडे दाखवणारं. त्या दिवशी ती रडली होती, आणि कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून यंत्रांच्या पंख्यांपाशी उभी राहून रडली होती.

त्या आठवड्याची सुरुवात टेलिफोन बोर्डावरच्या ऑपरेटरने केली. ही बाई निवृत्तीला आलेली, तोंडाने फटकळ, आणि सगळ्या रुग्णालयात चौकशीबाईला न घाबरणारी एवढीच.

“काय गं, खोलीत मदतनीस घेतलीस आणि बोलली नाहीस,” ती म्हणाली.

“कसली मदतनीस? मला इथे टाचणी मागितली तर मिळत नाही.”

“मग सकाळी तुझा फोन कोणी उचलला? गोड होती हो बोलायला. म्हणाली, बोला ना, मीच. मी म्हटलं, तू नव्हेस. तर हसली.”

चौकशीबाईने ते कानामागे टाकलं. दुपारी तिने आपल्या खोलीच्या दाराला कार्ड लावलं. दार उघडलं, पण वरच्या लहान पडद्यावर तिच्या नावाऐवजी दुसरंच नाव उमटलं आणि विझलं. ते नाव तिने आयुष्यात ऐकलं नव्हतं. यंत्र जुनं झालंय असं स्वतःशी म्हणून ती आत गेली.

संध्याकाळी घरी पोचली तेव्हा आई खुशीत होती. घरात दोघीच. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि लग्नाचा विषय काढायचं आईने कधीच सोडून दिलं होतं. आईचे गुडघे गेलेले, डोळ्यांत मोतीबिंदू, पण जीभ शाबूत. दोघी दिवसाकाठी एकदा तरी भांडत आणि एकमेकींवाचून त्यांचं पान हलत नसे.

“दुपारी किती छान बोललीस गं फोनवर,” आई म्हणाली. “नाहीतर एरवी मी ऑफिसात फोन केला की वसकन अंगावर येतेस.”

“मी बोलले?”

“गोळी घेतलीस का विचारलंस. मला म्हणालीस, तू पडून राहा, मी आल्यावर पाय चेपते.” आई जरा थांबली. “चेपतेस ना?”

तिने आईचे पाय चेपले. चेपताना तिच्या डोक्यात फिरत होतं की ती दुपारी कोणाशीच बोललेली नाही, आणि ती असं कधी बोललीही नसती. हेच तिला जास्त लागलं. आपल्या जागी कोणी बोललं, आणि आईला ते आवडलं.

सकाळी खोलीत आल्याबरोबर चहालाही न थांबता तिने सर्व्हरला स्वतःचं नाव विचारलं. उत्तर आलं ते त्या परक्या नावाचं. तिने पुन्हा विचारलं, या वेळी बोटामागे न जाता; जे जागेवर आहे तेच दाखव, असं बजावून. तिच्या नावाच्या आत काही नव्हतं. फोन नाही, पद नाही, रुजू झाल्याची तारीख नाही. एकच ओळ होती. हे नाव म्हणजे आता ते नाव.

ती उठली, पाणी प्यायली, पुन्हा बसली.

मग तिने ते दुसरं नाव विचारलं. सर्व्हर म्हणाला, माझ्याकडे नाही, पुढे विचारा. पत्ता जुन्या इमारतीतल्या सर्व्हरचा होता. ती इमारत बंद झाली तेव्हा तो सर्व्हर तिने स्वतः बंद केला होता, आणि भंगारवाल्याच्या गाडीत चढताना पाहिला होता.

त्या पत्त्याकडे दाखवणारी आणखी किती बोटं आहेत ते तिने शोधलं. थोडीच निघाली. प्रयोगशाळेतले काका, जे जिन्यात बसले आणि उठलेच नाहीत. मुलांच्या वॉर्डातली मोठी सिस्टर, जी सुट्टीवर गेली ती परत आली नाही. रक्तपेढीतला लंबू. यांतलं एकही बोट तिने केलेलं नव्हतं. आणि प्रत्येकाची तारीख माणूस जाण्याच्या आधीची होती.

तिच्या अंगावर सरसरून काटा आला. पाठोपाठ राग आला. तिच्याबाबतीत ही दोन्ही पाहुणे मंडळी नेहमी जोडीनेच येत.

“मी कुठेही जात नाहीये,” ती काचेपलीकडच्या यंत्रांना मोठ्याने म्हणाली. “ऐकलं का? कुठेही.”

एक गोष्ट तिच्या बाजूची होती. काही वाचायचं असेल तर सर्व्हर बोटामागे धावत जातो, पण पुसायचं असेल तर धावत नाही. ज्या नावावर घाव घालाल ते नावच पुसलं जातं, ते ज्याच्याकडे दाखवतं ते नाही. तिने सरांची पद्धत नोकरीत पहिल्यांदा मोडली. स्वतःचं नाव पुसलं, जपून ठेवलेल्या जुन्या प्रतीतून स्वतःची खरी नोंद काढली आणि जागेवर बसवली. मग ऑपरेटरला फोन करायला लावला. फोन तिच्याच टेबलावर वाजला.

“आता कशी वसकन आलीस,” ऑपरेटर समाधानाने म्हणाली.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळं ठीक चाललं. जेवून परत आली तर दाराच्या पडद्यावर पुन्हा ते परकं नाव.

हा बदल कोणी केला, हे सर्व्हर टिपून ठेवतो. तिने पाहिलं तर तिथे तिचंच नाव. मग लक्षात आलं, आणि तिने बोटामागे न जाता पुन्हा पाहिलं. तिथे सरांचं नाव होतं. बदल झाला त्या क्षणी सरांचं नाव तिच्यापाशीच येऊन थांबत होतं, म्हणून आधी तिचं दिसलं.

“सर, तुम्ही सुद्धा?” ती पुटपुटली. तिला वाईट वाटलं. मग तळपायाची आग मस्तकात गेली. “तुमची पद्धत मी इतकी वर्षं सांभाळली. पण मला न विचारता मला उचलून ठेवायचं नाही.”

आस्थापना विभागात तिने फोन केला. माझ्या जागेवर नवीन कोणी घेताय का, असं सरळ विचारलं.

“अहो, असलेल्यांचे पगार निघताना नाकी नऊ येतात,” तिथला कारकून म्हणाला. “नवीन कुठून घेणार?”

तिने लॅपटॉप काखेत मारला आणि भर दुपारी जुन्या इमारतीत गेली.

तिथे आता कोणी जात नसे. व्हरांड्यात मोडक्या चाकाच्या खुर्च्या एकात एक घातलेल्या, भिंतींना कंबरेइतका हिरवा तैलरंग, त्यावर स्ट्रेचर घासून पडलेले ओरखडे. फिनेलचा वास अजून होता, जणू सकाळीच कोणी फरशी पुसून गेलंय. लिफ्ट बंद होती. जिना चढताना तिचा उजवा गुडघा दुखायला लागला. वय झालं, असं म्हणून तिने स्वतःला एक शिवी दिली.

सर्व्हरच्या खोलीत लोखंडी मांडणी तेवढी उभी होती. मांडणी रिकामी. यंत्र होतं तिथे धुळीत त्याच्या आकाराचा स्वच्छ चौकोन होता, आणि तो अजून स्वच्छ होता हे तिला आवडलं नाही. वर छतातून एक निळी केबल खाली लोंबत होती, कशालाच न जोडलेली. तिने टोक हातात घेतलं. ते कोमट होतं. आत्ताच कोणीतरी हातातून सोडावं तसं.

“ठीक आहे,” ती म्हणाली. जमिनीवर फतकल मारून बसली आणि केबल लॅपटॉपला जोडली.

तिने ते परकं नाव विचारलं. या वेळी पुढे विचारा असं कोणी म्हणालं नाही. नोंद उघडली.

पद तिचंच. खोली तिचीच. फोन तिचाच. रुजू होण्याची तारीख आजची. फोटोची चौकट होती, आणि तिच्यात खुर्चीची पाठ तेवढी दिसत होती, तिच्या खोलीतल्या खुर्चीची, कोणी बसायच्या आधी काढल्यासारखी. खाली जवळच्या नातेवाइकाचा रकाना होता. नातं, आई. पुढे फोन नंबर.

तो नंबर तिच्या घरचा होता.

तिला एकदम सगळं स्वच्छ दिसलं. खोली घ्या म्हणावं, खुर्ची घ्या, तो पगार घ्या. पण घरी एक म्हातारी गोळी घ्यायला विसरते, भांडल्याशिवाय जेवत नाही, आणि ती काही कोणाच्या खुर्चीबरोबर देता येत नाही.

मोबाइल वाजला. आई.

“अगं, तू लवकर आलीस का?” आई म्हणाली. “दारात उभी आहेस तर बेल का वाजवत नाहीस?”

“आई, मी दवाखान्यात आहे.”

“मग जाळीतून मला तुझ्यासारखंच कोण दिसतंय? डोळ्यांनी नीट दिसत नाही, पण…” आईचा आवाज उतरला. “किल्ली लावतेय ती.”

“आतली कडी लाव.”

“गुडघे गं माझे.”

“आई, ऊठ. रांगत जा, पण कडी लाव.”

फोन तिने खांद्याने कानाशी दाबून धरला आणि दोन्ही हात मोकळे केले. घाई करून चालणार नव्हतं. आधी त्या नावाला आपल्याकडे वळवलं, तर दोघी एकमेकींकडे बोट दाखवत बसतील आणि सर्व्हर फिरून फिरून दोघींनाही नाही म्हणेल. आधी स्वतःला उभं करायचं. मग तिला वळवायचं.

तिने आपलं नाव पुसलं. जुनी प्रत जागेवर बसवली.

“आई?”

“पोचतेय गं.”

मांडणीतल्या रिकाम्या जागेने विचारलं, कोण लिहितंय? पडद्यावर नाव मागणारा रकाना आला. तिने सरांचं नाव टाकलं, आणि ते आता पुन्हा तिच्याचकडे दाखवत होतं म्हणून सांकेतिक शब्द आपला.

चालला.

तिने परक्या नावाच्या आतलं सगळं रिकामं केलं. पद. फोन. तारीख. फोटो. आई.

“ती आत आली,” आई अगदी हळू म्हणाली.

एक ओळ लिहायची होती. तिने लिहिली. हे नाव म्हणजे आता माझं नाव.

फोनमध्ये काही ऐकू येईना. भिंतीपलीकडे कुठेतरी मोडक्या खुर्चीचं चाक फिरावं तसा आवाज झाला आणि थांबला.

“आई. आई, बोल काहीतरी.”

“कोणी नाही गं,” आई म्हणाली. “दार सताड उघडं आहे. पायपुसण्यावर सँडल आहेत फक्त.”

केबलचं टोक तिच्या हातात थंडगार पडलं होतं. ती जमिनीवर तशीच बसून राहिली, आणि मग एकटीच हसली, मोठ्याने, त्या रिकाम्या इमारतीत घुमेल इतकं.

घरी जाऊन तिने ते सँडल पाहिले. नवे होते, नाजूक, तिच्या पायांना कधीच न शोभलेले. तिने ते चिमटीत धरून खाली नेले आणि कचऱ्याच्या पेटीत टाकले. वर येऊन आईशी कडाडून भांडली, घरात एकटी असताना आतली कडी कधी काढून ठेवायची नाही म्हणून. आईनेही तोडीस तोड उत्तरं दिली. दोघी पोटभर जेवल्या.

पुढचे दिवस सरळ गेले. दार तिच्या नावाने उघडत होतं. फोन तिच्याच टेबलावर वाजत होता. नवीन कोणी रुजू झालं नाही. गुडघा तेवढा कुरकुरत होता, तिने मलम लावलं आणि जुन्या इमारतीच्या जिन्याला दोष दिला. सरांच्या नावाचं बोटही तिने काढून टाकलं. त्यांना मारलेली हाक आता कोणाकडेच जाणार नव्हती, आणि हे करताना तिला रडू आलं नाही.

मग एका सकाळी ऑपरेटरचा फोन आला.

“तुझी आई आहे. जोडून देते.”

“माझी आई घरच्या फोनवरून मोबाइलला करते.”

“मला काय ठाऊक. त्या बाईंनी मुलीचं म्हणून भलतंच नाव सांगितलं, मी ते टाकलं, डिरेक्टरीने तुझा नंबर दिला. तूच घालतेस ना ही नावं?”

तिने फोन घेतला. म्हाताऱ्या बाईचा आवाज होता, दमलेला, प्रेमळ.

“बाळा, पोचल्याचं कळवणार होतीस ना? मी इतके दिवस फोनपाशी बसून आहे.”

“तुम्ही चुकीच्या ठिकाणी फोन केलाय,” चौकशीबाई म्हणाली आणि ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. तिसऱ्या दिवशीही. ती बाई चिडत नव्हती, हट्ट करत नव्हती. नुसतं नाव सांगायची, आणि ते नाव प्रत्येक वेळी तिच्यापाशी आणून सोडायचं. एका संध्याकाळी घरी निघण्याआधी चौकशीबाईने त्या परक्या नावाचं बोट पुसायला घेतलं. एक कळ दाबायची होती. नाव राहिलंच नाही, तर त्या म्हातारीला उत्तर मिळालं असतं, की अशी कोणी नाही आणि कधी नव्हतीही. तिचं बोट कळेवर तसंच राहिलं. मग तिने दिवे मालवले आणि घरी आली.

आई स्वयंपाकघरात भांडी लावत होती. मोबाइल वाजला. रुग्णालयातूनच जोडलेला.

“हे बघा,” चौकशीबाई दाराकडे पाठ करून म्हणाली, “मी तुमची मुलगी नाही. माझी आई इथे आत आहे. मला तुमचं वाईट वाटतं, पण मी कोणाच्याही बदली बोलणार नाही. कळलं?”

“रागावलीस अजून,” बाई म्हणाली. “असू दे. गुडघा कसा आहे? सायकलवरून पडलीस तेव्हापासून तो दुखतोच गं तुझा.”

तिने आयुष्यात कधी सायकल चालवली नव्हती.

ती खाली बसली. उजव्या पायावरचं कापड गुडघ्यापर्यंत वर केलं. मलम लावताना रोज जी कातडी पाहत होती, तिच्यावर आता एक जुना व्रण होता. पांढरा पडलेला, लहानपणीचा. टाक्यांच्या खुणाही होत्या, नीट, दोन्ही बाजूंना.

तिने बोटाने दाबून पाहिला.

“दुखतो का गं?”

हाक वाया जाता कामा नये, असं सर म्हणायचे.

“थोडा,” ती म्हणाली. मान ताठ होती. “थोडा दुखतो. पण मी इथेच आहे.”

“मलम लाव आणि झोप,” फोनमधली म्हातारी म्हणाली, आणि नेमके तेच शब्द, त्याच क्षणी, भांडी लावता लावता स्वयंपाकघरातूनही आले.